ढेकूळ, धागा आणि दस्त

दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरांच्या उतारावर पायनांगर चालतो तेव्हा पुरुष उलटे चालतात. त्यांच्या समोर, तोंडाकडे तोंड करून बायका वाकलेल्या किंवा गुडघ्यांवर टेकलेल्या असतात. पुरुष एकेक पाऊल मागे सरतो, बाई तेवढीच पुढे येते. फेलिपे ग्वामान पोमा दे आयाला या अँडीजमधल्या माणसानं १६१५ च्या सुमारास स्पेनच्या राजासाठी हजारावर पानांचं एक लांबलचक गाऱ्हाणं लिहिलं. त्यात ३९८ चित्रं आहेत आणि ऑगस्ट महिन्याच्या चित्रात नेमकं हेच दिसतं. पुरुषांची रांग, समोर बायकांची रांग, आणि बाजूनं चिचा, म्हणजे मक्याची दारू, घेऊन येणारी एक बाई.

या पायनांगराला चाकिताक्ला म्हणतात. लांब लाकडी दांडा, खाली टोकदार फाळ, फाळाच्या वर चामड्याच्या वादीनं आवळून बांधलेला पायटा आणि हाताशी वाकडी मूठ. पायट्यावर पाय देऊन सगळं वजन टाकायचं, फाळ जमिनीत घुसला की मूठ मागे ओढायची. मातीचा गवतासकट सुटलेला थर उभा राहतो. आता तो उलटायला समोर कुणी नसेल तर पंचाईत होते. ढेकूळ परत त्याच चरात बसतं, मुळं मातीत आणि पाती वर, आणि गवत पुन्हा धरतं. म्हणून ढेकूळ पडायच्या आत ते धरून पालथं घालणारे हात लागतात. पुढे पेरणीतही तेच. पुरुष भोक पाडतो, बी बाई टाकते. एकट्या पुरुषाचा चाकिताक्ला म्हणजे अर्धंच अवजार.

हे चित्र इतकं गोड आहे की त्याच्यापासून जरा जपूनच राहावं. इंका समाज आणि स्पॅनिश समाज यांची तुलना करताना हमखास याच चित्रापासून सुरुवात होते आणि शेवटही ठरलेला असतो: इकडे स्त्री-पुरुष जोडीनं नांदत होते, मग स्पॅनिश आले आणि पुरुषी कायदा घेऊन आले. यात खरं बरंच आहे. पण ढेकूळ कुणी फोडलं एवढ्यावर भागत नाही. ते शेत कुणाचं होतं, पीक कुणाच्या कोठारात गेलं, आणि ढेकूळ फोडणाऱ्या बाईच्या दहा वर्षांच्या मुलीचं काय झालं, हेही विचारावं लागतं. स्पेनच्या बाबतीत प्रश्न वेगळे पडतात. तिथं बाईच्या नावावर काय होतं आणि सही कुणाची चालायची, हे पाहावं लागतं.

आधी नात्यांकडे बघू, कारण भाषा सहसा खोटं बोलत नाही. इंकांच्या केचुआ भाषेत पुरुषानं आपल्या बहिणीला ‘पाना’ म्हणायचं, पण बाईनं आपल्या बहिणीला ‘न्यान्या’. पुरुषाचा भाऊ ‘वाउकी’, बाईचा भाऊ ‘तुरा’. मराठीत बहीण ती बहीणच, सांगणारा भाऊ असो की बहीण. केचुआत बोलणारं माणूस बाई की पुरुष, हे नात्याच्या शब्दातच गुंफलेलं. बाप आपल्या मुलाला ‘चुरी’ आणि मुलीला ‘उसुसी’ म्हणायचा. आईला मात्र मुलगा-मुलगी दोन्ही ‘वावा’. वंशाच्या दोन समांतर दोऱ्या धराव्यात, तसा सगळा विचार: पुरुष बापाकडून, बाई आईकडून. आईची जमीन, पाणी, देवक यांवरचा हक्क मुलीकडे जायचा. पाचाकुती याम्की नावाच्या देशी इतिहासकारानं १६१३ च्या आसपास विश्वाची एक आकृती काढली. वर निर्माता देव. एका बाजूला सूर्य, पहाटेचा शुक्र आणि खाली पुरुष; दुसऱ्या बाजूला चंद्र, सांजेचा शुक्र, समुद्रमाता आणि खाली बाई. कुस्को या इंकांच्या राजधानीत चंद्राला, म्हणजे मामा किल्याला, वेगळं देऊळ होतं आणि सप्टेंबरमध्ये ‘कोया रायमी’ हा राणीचा आणि चंद्राचा सण. पावसाळा तोंडावर येतो आणि आजार डोकं वर काढतात तो हा काळ. शहरातली रोगराई हाकलण्याचा विधीही तेव्हाच व्हायचा.

आता चिचाकडे येऊ. इंका राज्यात बाई कुठे उभी होती, हे चिचा ज्या रीतीनं होते त्यावरून जितकं कळतं तितकं देवळावरून कळत नाही.

मका एक-दोन दिवस भिजवायचा. मग पाल्यापाचोळ्याच्या थरांत पसरून ओलसर ठेवायचा. हवामानाप्रमाणे आठवड्याच्या आत-बाहेर चांगले मोड येतात. थर जाड झाला किंवा हवा खेळली नाही तर बुरशी धरते आणि सगळा लॉट फुकट जातो. मोड आलेला मका उन्हात कडक वाळवायचा. याला म्हणतात ‘होरा’. तो पाट्यावर भरडून पाण्यात तासन्‌तास उकळायचा, गाळायचा आणि निमुळत्या बुडाच्या मोठ्या मडक्यांत आंबवायला ठेवायचा. दुसरी रीत चावण्याची. मक्याचं पीठ तोंडात घोळवून लाळेनं भिजवायचं, कारण मोडांमध्ये जे द्रव्य पिठाची साखर करतं तेच काम लाळही करते. काही दिवसांत पेय तयार होतं. आणि मग घड्याळ उलटं चालू लागतं. आठवडाभरात ते इतकं आंबट होतं की पाहुण्याला देता येत नाही.

म्हणजे चिचा साठवता येत नाही. पाण्याइतकीच जड असल्यामुळे डोंगर ओलांडून नेताही येत नाही. जिथं प्यायची तिथंच, प्यायच्या आठवड्यातच ती करावी लागते. आणि इंका राज्य तर चिचावर चालत होतं. लोकांकडून कर म्हणून धान्य घ्यायचं नाही, श्रम घ्यायचे. आणि श्रमाला आलेल्यांना राजानं यजमान म्हणून जेवू-पिऊ घालायचं, ही रीत. प्यायचे पेले जोडीनंच घडवले जायचे, एक देणाऱ्याचा, एक घेणाऱ्याचा. पेला रिकामा राहिला तर तो श्रम राहत नाही, नुसती वेठबिगार होते, आणि हे दोन्ही बाजूंना पक्कं ठाऊक होतं. तेव्हा राज्याला प्रत्येक ठाण्यावर चिचा करणारे कसबी हात कायमचे हवे होते. ‘अक्लावासी’, म्हणजे निवडलेल्यांचं घर, ही संस्था नुसत्या धर्माची बाब नव्हती, ती या गरजेतून उभी राहिली असं मला वाटतं. वानुको पाम्पा या ठाण्याच्या उत्खननात भिंतींनी बंद केलेलं, एकाच दारानं आत जायचं पन्नासेक इमारतींचं आवार मिळालं. आत मोठ्या मडक्यांच्या खापऱ्या आणि सूतकताई-विणकामाची अवजारं.

या घरात येणाऱ्या ‘अक्ला’ मुली साधारण दहाव्या वर्षी निवडल्या जायच्या. निवडणारा अधिकारी बाहेरचा, पुरुष, राजाच्या हुकमाचा. मुली ‘मामाकोना’ या वडीलधाऱ्या बायकांच्या हाताखाली काही वर्षं कातणं, विणणं, चिचा करणं शिकायच्या. मग त्यांची पुन्हा वाटणी. काही सूर्याच्या सेवेत आयुष्यभर. काही राजाच्या अंतःपुरात. काही लढाईत पराक्रम केलेल्या सरदारांना आणि इमान राखलेल्या ‘कुराकां’ना, म्हणजे स्थानिक प्रमुखांना, बक्षीस. आणि काही डोंगरदेवाला. १९९९ मध्ये युयाइयाको ज्वालामुखीच्या शिखरावर, ६,७३९ मीटर उंचीवर, गोठलेल्या स्थितीत तीन मुलं सापडली. त्यांत थोरली मुलगी तेरा-चौदा वर्षांची. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे लांब वेणी म्हणजे खाण्यापिण्याची रोजवहीच. मरणाच्या वर्षभर आधी या मुलीचं खाणं एकदम बदललं होतं, मका आणि मांस आलं होतं. शेवटच्या महिन्यांत कोकाची पानं आणि दारू यांचं प्रमाण चढत गेलं होतं.

ओक्रोसच्या तान्ता कार्वाची हकीकत १६२० च्या दशकात तिच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात होती. दहा वर्षांची देखणी मुलगी. बापानं ती राजाला अर्पण केली, कुस्कोत तिचा सन्मान झाला, मग तिला परत आणून डोंगरावर जिवंत पुरलं. बाप कुराका झाला आणि गाव तिला नवस बोलू लागलं. समांतर वंशाच्या गोष्टी सांगताना ही मुलगी विसरली जाते. आईची जमीन मुलीला मिळायची, हे खरं. पण ती मुलगी स्वतः कुणाची, या प्रश्नाला राज्याचं उत्तर तयार होतं.

कापडाच्या बाबतीत गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. साधं कापड, ‘अवास्का’, घरोघर बायका विणायच्या. दरवर्षी प्रत्येक घरानं राज्यासाठी एक वस्त्र विणून द्यायचं. लोकर राज्याच्या कळपांतून यायची, घराकडून फक्त श्रम. ‘कुंबी’ हे राजवस्त्र मात्र दोघे विणायचे, अक्लावासीतल्या बायका आणि ‘कुंबीकामायोक’ हे पेशेवर पुरुष. वानुकोजवळच्या चुपाचू लोकांनी १५४९ मध्ये दोऱ्यांच्या गाठींवरून वाचून दाखवलेल्या हिशोबात सुमारे ४,००० घरांमागे ४०० माणसं कुंबीसाठी दिलेली आहेत. तेव्हा विणकाम म्हणजे बायकी काम, असं तिथं नव्हतं. बायकी होतं ते कातणं. हातात टकळी नाही अशी बाई नाही. चालताना, गुरं राखताना, उभ्यानं गप्पा मारताना टकळी चालूच.

आणि हे कापड कात्री लावून बेतायचं नसे. ज्या मापाचं वस्त्र, त्या मापाचाच ताणा. ताण्याचा धागा अखंड, दोन्ही टोकांच्या दांड्यांना वळसे घेऊन फिरलेला, त्यामुळे चारही बाजूंना काठ. सूत भरपूर पीळ देऊन, वर उलट्या पिळात दुपदरी केलेलं असावं लागतं. पीळ कमी पडला तर लामाच्या नळीच्या हाडानं, ‘विचुन्या’नं, बाणा ठोकताना ताण्याचा धागा पिंजून तुटतो. सर्वांत अवघड शेवटचे काही सेंटिमीटर. दोन्हीकडून विणत आलं की मधली फट अरुंद होत जाते, ताण्याचे धागे वर-खाली उचलता येत नाहीत, आणि बाणा सुईनं एकेक करून ओवावा लागतो. त्या जागी नक्षी जरा दबते, विस्कटते. जाणकार त्या पट्ट्यावरूनच ओळखतात की कापड कुठे मिटलं.

ग्वामान पोमानं लोकांच्या वयोगटांच्या ‘गल्ल्या’ काढल्यात, दहा पुरुषांच्या, दहा बायकांच्या. क्रम जन्मापासून नाही, कामाच्या ताकदीवरून. पुरुषांत पहिला तेहतीस वर्षांचा लढवय्या. बायकांत पहिली तेहतीस वर्षांची विणकरीण, कमरेच्या मागावर बसलेली. नवाच्या पुढच्या मुली रंगासाठी फुलं वेचणाऱ्या, त्याच वयाची मुलं पाखरांना फास लावणारी. पाळण्यातलं बाळ शेवटच्या गल्लीत, कारण त्याच्या हातून काम होत नाही. असा समाज बाईला कामामुळे मान देतो आणि कामापुरताच. ग्वामान पोमा स्वतः पुरुष, ख्रिस्ती आणि तक्रारखोर, हे त्याची पानं उलटताना ध्यानात ठेवावं. तसे या विषयातले आपले सगळेच साक्षीदार पुरुष आहेत.

आता समुद्रापलीकडे. फ्रान्सिस्को पिसारो या स्पॅनिश सरदाराला पेरू, म्हणजे इंका राज्य, जिंकण्याचा परवाना मिळाला तो २६ जुलै १५२९ रोजी, टोलेडोत, आणि त्यावर सही एका बाईची होती. सम्राट कार्लोस देशाबाहेर होता, त्याची राणी इसाबेल कारभार पाहत होती. राणीला हे करता येत होतं. तिच्याच राज्यातल्या साध्या विवाहित बाईला नवऱ्याच्या परवानगीशिवाय एक खेचरही विकता येत नव्हतं.

याचा कायदा १५०५ चे ‘तोरोचे कायदे’. त्यातल्या ५४ पासूनच्या कलमांनुसार विवाहितेनं नवऱ्याच्या परवान्याविना वारसा स्वीकारायचा नाही, करार करायचा नाही, कोर्टात उभं राहायचं नाही. नोटरीकडचा दस्त कसा व्हायचा ते पाहण्यासारखं आहे. आधी बाई नवऱ्याकडे परवाना मागते, दस्तातच. नवरा तो देतो, तेही दस्तात. मग ती बायकांचं रक्षण करणाऱ्या जुन्या रोमन कायद्याचा लाभ सोडते आणि तो कायदा आपल्याला समजावून सांगितल्याचं कबूल करते. शेवटी क्रुसाची शपथ: आपल्यावर कुणी जबरदस्ती केलेली नाही. यातलं एक वाक्य राहिलं तरी पुढे कज्जेदलाल तो करार पाडायला टपलेले.

पण थांबा. हीच बाई हुंडा घेऊन यायची, तेव्हा नोटरी एकेक वस्तू किमतीसकट लिहून काढायचा: पलंग, चादरी, चांदी, दागिने, रोकड. नवरा ‘मिळालं’ म्हणून सही करायचा आणि लग्न संपलं की परत करायचं वचन द्यायचा. शिवाय स्वतःच्या मालमत्तेच्या दहाव्या हिश्शापर्यंत रक्कम तिच्या नावे करू शकायचा. लग्नानंतर जे कमावलं त्यात तिचा अर्धा वाटा. आईबापांच्या मालमत्तेत मुलगा-मुलगी दोघांचा सक्तीचा हक्क. बापाला मुलीला पूर्ण वगळताच येत नसे. आडनाव तिचं तिलाच राही. हुंडा म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जे येतं त्यापेक्षा हा प्रकार स्त्रीधनाच्या जवळचा आहे. हुंड्याचा हक्क बऱ्याच सावकारांच्या आधी येई, त्यामुळे दिवाळं निघालेले नवरे बायकोच्या हुंड्याआड लपायचे. आणि मुळात न मिळालेला हुंडा मिळाल्याचं लिहून ठेवण्याचा धंदाही त्यामुळेच चालला. उलट बाजूही होती. नवऱ्यानं हुंडा व्यापारात बुडवला तर जहाजच बुडालं म्हटल्यावर दस्त कुणापुढे नाचवणार?

आणि विधवा. नवरा गेला की एका रात्रीत ती कायद्यानं पूर्ण माणूस व्हायची. इनेस मुन्योस ही पिसारोच्या सावत्र भावाची बायको. नवरा १५४१ मध्ये पिसारोबरोबर मारला गेला. तिनं दुसरं लग्न केलं, हौहाच्या खोऱ्यात कापडाचा कारखाना उभा केला, पुन्हा विधवा झाली आणि १५७३ मध्ये लिमात कॉन्सेप्सिओन मठ काढून त्यात स्वतः राहिली. तिच्या ताब्यात अँडीजमधली माणसं होती, पुरुषसुद्धा, शेकड्यांनी. स्पॅनिश बाई दबलेली होती हे वाक्य तिच्या कारखान्यात राबणाऱ्या विणकऱ्याला कसं वाटलं असतं?

दोन जगं भेटली तेव्हा पहिला गोंधळ अवजारांवरूनच झाला. सिएसा दे लेओन या स्पॅनिश इतिहासकारानं १५५० च्या आसपास आजच्या इक्वेडोरमधल्या कान्यारी लोकांबद्दल लिहिलं की तिथं बायका शेतात राबतात आणि नवरे घरात बसून कातता-विणतात. त्याला हे उफराटं वाटलं, कारण त्याच्या देशात कातणं हीच बाईच्या अब्रूची खूण. खरं कारणही त्यानंच नोंदवलंय: इंका राजा आताहुआल्पानं कान्यारी पुरुषांची कत्तल केली होती, पुरुष उरले होते थोडे. लग्नाआधी काही काळ एकत्र राहून पाहण्याची अँडीजमधली रीत पाद्र्यांना सर्वांत जास्त खुपली. कौमार्याची तिथं किंमतच नाही, ही अकोस्ता या जेझुइट पाद्र्याची १५९० मधली तक्रार. व्हाइसरॉय, म्हणजे पेरूतला राजाचा प्रतिनिधी, तोलेदो यानं या सहवासावर शिक्षा लावल्या. १६२१ मध्ये मूर्तिपूजा उखडायला निघालेला आरियागा तीच तक्रार पुन्हा लिहितो, म्हणजे शिक्षांचा काही फारसा उपयोग झाला नव्हता.

खरा घाव पडला तो हिशोबाच्या वहीत. तोलेदोनं १५७० च्या दशकात १८ ते ५० वयाचा पुरुष हा करदाता ठरवला. बाईला करातून सूट. कागदावर ही सवलतच! पण करात कापड होतंच, आणि ते विणत होती बाईच. फक्त आता ते नवऱ्याच्या नावावर जमा होऊ लागलं. इंकांच्या काळी लोकर कोठारातून यायची, आता बऱ्याच ठिकाणी कापूस-लोकरही घरचीच. मोजणी करणाऱ्याच्या नजरेतून बाई गेली, माग मात्र तिच्या कमरेला तसाच. १५७३ पासून पोतोसीच्या चांदीच्या खाणीत दरवर्षी साडेतेरा हजारांच्या आसपास पुरुष पाळीनं धाडले जाऊ लागले. त्यांच्याबरोबर बायका-मुलंही चालत गेली, त्यांची नोंद करायची गरज कुणाला भासली नाही. तिथं बायकांनी खनिज निवडलं, बाजारात कोका विकला आणि चिचा गाळली. जी चिचा राजाचा पाहुणचार होती, ती आता रोख पैशानं विकत मिळू लागली. ग्वामान पोमाच्या एका चित्रात मार्तीन दे मुरुआ हा पाद्री मागावर बसलेल्याला मारतोय. हा मुरुआ स्वतः इंकांचा इतिहास लिहीत होता आणि ग्वामान पोमानं त्याच्या पुस्तकासाठी चित्रंही काढली होती. ओळखीतला राग वेगळाच असतो.

बायका देण्याची जुनी रीत मात्र नव्या धन्यांच्या सोयीचीच होती. आताहुआल्पानं आपली सावत्र बहीण किस्पे सिसा पिसारोला देऊन टाकली. तिची आई कोन्तारवाचो वाइलास प्रांतातली प्रमुख. १५३६ मध्ये इंका सैन्यानं लिमाला वेढा घातला तेव्हा लेकीच्या बाजूनं तिनं माणसं पाठवली. किस्पे सिसाची मुलगी फ्रान्सिस्का १५३४ मध्ये हौहात जन्मली, १५५१ मध्ये स्पेनला पाठवली गेली आणि पुढच्याच वर्षी मेदिना देल काम्पोच्या किल्ल्यात कैदेत असलेल्या बापाच्या सावत्र भावाशी, एर्नांदो पिसारोशी, तिचं लग्न लागलं. त्रुहियोतल्या त्यांच्या वाड्याच्या कोपऱ्यावर आजही चार चेहरे कोरलेले आहेत: फ्रान्सिस्को पिसारो आणि किस्पे सिसा, एर्नांदो आणि फ्रान्सिस्का. आजी-माजी दोन्ही रीतींनी हातोहात गेलेल्या मायलेकी, आणि दगडात मात्र नवऱ्यांच्या बरोबरीनं.

कुस्कोत जे अक्लावासी होतं त्याच जागी नंतर सान्ता कातालिना हा ननांचा मठ उभा राहिला. तळाचे इंका दगड तसेच ठेवून वर चुन्याच्या भिंती. शहरातला आधीचा सान्ता क्लारा मठ १५५८ चा, स्पॅनिश बाप आणि इंका आई यांच्या मुलींसाठी काढलेला. थोड्याच वर्षांत तिथं बुरख्यांचे रंग दोन झाले, शुद्ध स्पॅनिश मुलींना काळा, मिश्र रक्ताच्या मुलींना पांढरा.

तरी दस्ताचा उपयोग अँडीजच्या बायकाही शिकल्या. मृत्युपत्रं केली, दावे लावले, काही ठिकाणी प्रमुखपदही राखलं. आकोसची प्रमुख तोमासा तितो कोन्देमाइता स्पॅनिश सत्तेविरुद्धच्या १७८० च्या बंडात स्वतः फौज घेऊन उतरली. १८ मे १७८१ रोजी कुस्कोच्या चौकात बंडाचा पुढारी तुपाक आमारू आणि त्याची बायको मिकाएला बास्तिदास यांच्यासोबत तिलाही मारलं. शिक्षा देताना मात्र सरकारनं बाईला वेगळा नियम लावला नाही.

स्पेनहून पायट्यांचा माग आला. तिकडे तो पुरुष विणकरांच्या संघांचा होता, म्हणून इकडेही पुरुषांच्याच हाती गेला. अँडीजच्या अनेक गावांत आजही ‘बायेता’ हे जाड लोकरी कापड पुरुष त्या मागावर विणतात. ते थान लांब निघतं, मग कात्रीनं कापून विजारी आणि घागरे शिवतात. त्याच घराच्या अंगणात बाई चार खुंट्या जमिनीत ठोकते किंवा मागाचा पट्टा कमरेला बांधते, अखंड धाग्याचा ताणा घालते, आणि चारही काठ पुरे झाले की शेवटची दोन बोटं फट सुईनं ओवत बसते.